अंदमानचा फॉर्म

धायरीहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एक गृहस्थ चार वर्षं माझ्या शेजारी बसत आणि वहीत अंदमानची सहल आखत. सकाळी काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ, संध्याकाळी सेल्युलर जेल. दुपारी एक ते चार मात्र झोप.

“बेटावरसुद्धा?” मी एकदा विचारलं.

“अहो, बेट कुठे पळून जातंय?”

एका सोमवारी ते ट्रॅव्हल कंपनीचा फॉर्म भरत होते. एका रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं, ते पार वाकड येईपर्यंत. मग त्यांनी विचारलं, “आपलं नाव काय हो? आणि फोन नंबर?”

मी सांगितलं. त्यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. वर छापलं होतं, ‘अपघात झाल्यास कोणाला कळवावे’.

पुढे नातं लिहायचं होतं. तिथे त्यांनी लिहिलं, ‘शेजारची सीट’.