म्हात्रेमामांचा ठिपका

दोष भिडेसरांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'पण विद्वान किती!' असं कुणी सुरू करायला नको. कळव्याच्या नाक्यावर चहाला बसलो की कॉलेजचे किस्से एकातून एक निघतात, आणि सगळे शेवटी सरांवरच येऊन थांबतात.

सर स्टॅटिस्टिक्सचे हेड. सत्त्याऐंशी साली टी.वाय.ला माझा प्रोजेक्ट होता: कुठले दोन प्राध्यापक पुढे एकत्र संशोधन करतील, ते आधीच सांगायचं. माणूस म्हणजे ठिपका, बोलणं म्हणजे रेघ. विषय वेगळे असोत, दोघांच्या ओळखीची माणसं तीच असतील तर जोडी जमणार. अख्ख्या ठाण्यात असलं कुणी केलं नव्हतं!

"पत्रिका जुळवतोयस का रे?" सर म्हणाले.

"हो सर. मंगळ फक्त हेडना असतो!"

*

केमिस्ट्री आणि फिजिक्सच्या सरांचं एका कपाटाच्या किल्लीवरून भांडण. रोजचं. मी रेघ ओढली. भांडण म्हणजे बोलणंच की!

केमिस्ट्रीवाले धावत आले. "माझी रेघ खोड!"

फिजिक्सवाले मागून ओरडले, "माझी राहू दे!"

एकच रेघ. कुठून खोडू?

*

सगळ्यात जास्त रेघा कुणाला? लॅब अटेंडंट म्हात्रेमामांना. चेंदणीचे कोळी. कुठल्याही डिपार्टमेंटचं यंत्र बिघडलं की हाक त्यांनाच. म्हणून ते चार्टच्या मधोमध.

"मना कशाला मधी टाकलास रं? सगले सायब डाफरतील."

*

डाफरलेच. माझी पहिली जोडी होती भिडेसर आणि झूऑलॉजीच्या सावंतमॅडम. मॅडम खाडीतल्या खेकड्यांवर काम करायच्या. दोघं एकमेकांशी कधी बोललेले नाहीत, मधे फक्त मामा.

"मी आणि खेकडे?" सर खवळले. "आणि क्लास फोरचा माणूस संशोधनात कुठे आला? तो ठिपका खोड, मग सही करतो."

"खोडला तर चार्टच तुटतो, सर."

"मग तुटू दे."

नाही खोडला. सही नाही, म्हणून परीक्षा नाही.

*

दोन वर्षांनी मी कल्याणच्या धान्यबाजारात वजनकाट्यावर कामाला. मामा शोधत आले, हातात छापील पेपर. खाडीत खेकडे किती, त्याचा अंदाज. लेखक सावंत आणि भिडे.

"शेवटी माजा नाव हाय म्हनतान. वाच ना."

आभारात होतं. पहिलंच.

"मामा, हे दोघं बोलायला कधी लागले?"

"मॅडमचा कागूद चुकून सरांच्या टेबलावर ठेवला मी."

"चुकून?"

मामांनी पेपरची घडी घातली आणि खिशात ठेवली.

माझी बी.एस्सी. राहिली ती राहिलीच.