एक फाटा आधी

शिरूरहून मी मांडवगणच्या शाळेत शिकवायला एसटीनं जायचो, तेव्हा बांगड्यांची टोपली घेतलेली एक चाची रोज गाडीत असायची. गावात बांगड्या भरायला निघालेली ही बाई एक फाटा आधीच उतरायची. नवा कंडक्टर हमखास ओरडायचा, “चाची, गाव पुढं हाय!”

साडीखालचे कॅनव्हासचे बूट दाखवत ती म्हणायची, “ठाव हाय. शुगर हाय मला. बसून ऱ्हायलं की साखर रगतात साठती, चाललं की पायच तिला खात्यात.” मग टोपली डोक्यावर, मान ताठ.

एकदा तिनं तपासणीचा कागद माझ्यापुढं धरला. “मास्तर, मोठ्यानं वाचा.”

मी वाचलं. साखर उतरली होती. गाडीभर नजर फिरवत ती म्हणाली, “डाक्टरनी इचारलं, गोळ्या त्याच, मग साखर उतरली कशी? म्हनलं, आदी म्या उतरले, मंग ती उतरली!”