दुसऱ्याच्या हातातली बॅग

वर्ध्याच्या फलाटावर मी पाय टेकला आणि माझी बॅग हातातून गेली. चोराने नेली असती तर ओरडता तरी आले असते. ती नानाभाऊंनी नेली. "बाई, तुमी पाहुण्या. आमच्याकडं पाहुण्यानं वझं उचलत नाई," असे म्हणून ते चालू लागले, आणि वर्गात खणखणीत आवाजात इतिहास शिकवणारी मी बॅगेमागोमाग निमूटपणे निघाले.

थोरले बंधू अण्णा त्या वर्षी अंथरुणाला खिळले होते. लग्ने जुळवणाऱ्या नानाभाऊंनी अण्णांच्या मालूसाठी स्थळ सुचवले होते: मुलगा, सुधाकर, वर्ध्यात कचेरीत नोकरीला, शिवाय रोहण्याला घरची शेती. "तू पाहून ये. तू हो म्हणालीस की झालं," असे अण्णा म्हणाले. भाजीवाल्यालाही कधी 'नको' म्हणू न शकलेली मी, आणि मालूचा संसार माझ्या 'हो'वर!

शहराला लागूनच असलेल्या सिंदी मेघेला सुधाकर बिऱ्हाड करून राहत होता. मुलगा लाजरा वाटला. त्याच्या शेजारणीने चहा आणि खुसखुशीत गोरसपाक बिस्किटे पुढे केली. धीर करून मी तिला विचारले, "मुलगा कसा आहे हो?" तिने तोंड उघडण्यापूर्वीच नानाभाऊ उत्तरले, "हिरा होय, हिरा! चाला, येस्टी निघून जाईन."

एस्टी कुठली निघते! सुधाकरसह आम्ही तिघे आत बसल्यावर ती स्टँडवर इतका वेळ उभी राहिली की माझा दुसरा चहा सहज झाला असता. गिरडची टेकडी आणि वरचा दर्गा पाहण्याची इच्छा मी बोलून दाखवली. "लग्न होऊ द्या, जावईच घेऊन जाईन तुमाले." अखेर गाडी हलली. दुतर्फा काळी जमीन आणि तिच्यावर फुटलेला पांढराशुभ्र कापूस होता. डोळे निवावेत असे दृश्य. पण शेजारच्या बाईने "कोनाकडं चालल्या, बाई?" एवढे विचारताच पुढच्या बाकावरून नानाभाऊंनी मान वळवून उत्तर दिले. त्या दिवशी मला स्वतःचे नावसुद्धा सांगावे लागले नाही.

रोहण्याचे वावर (शेत) खरोखरच देखणे होते. मधोमध सारवलेले खळे, त्यात ज्वारीची रास. आजोळच्या सवयीने मी काठावरच चपला काढल्या, कारण खळ्यावर लक्ष्मी असते. सुधाकर मात्र चपलांसकट थेट राशीपर्यंत गेला.

"कोनाचा पोट्टा होय रे हा?" झाडाखालून एक म्हातारी कडाडली. "खळ्यात चपला घालून काऊन आला? पाहुनीले समजते, तुले समजत नाई?"

नानाभाऊ हसले. "त्याची आजीच होय. आता दिसत नाई तिले."

जिला नातू दिसत नव्हता, तिला चपला बऱ्या दिसल्या! मी सुधाकरकडे पाहिले. त्याने मान खाली घातली.

नानाभाऊंनी तेवढ्यात खिशातून सुपारी काढली. "फोडून टाकू. असा दिवस पुन्हा नाई."

सुपारी फुटली की शब्द गेला. मी पुटपुटले, "अण्णांना विचारते."

"तुमी एवढ्या शिकल्या-सवरल्या, भावाले काय इचारता?" मी सुपारीला हात लावला नाही असे पाहून त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्यावर भरोसा नाई? सकाळपासून तुमची बॅग वाहून राह्यलो मी!"

बॅग! मी ती त्यांना दिलीच कधी होती?

"द्या ती इकडे," मी म्हणाले. त्यांनी सोडली नाही. क्षणभर आम्ही दोघेही तिचे कान ओढत उभे होतो. "आणि हे स्थळ आम्हाला नको." आवाज वर्गातलाच होता.

"मी म्हनलं होतं, नानाभाऊ," सुधाकर पहिल्यांदाच बोलला, "दुसऱ्याचं वावर माह्यं म्हनून सांगू नोका."

"वावर नसतं तरी चाललं असतं," मी त्याला म्हटले, आणि ते खरे होते.

म्हातारीने मला हाक मारली. "इकडं ये बाई, पानी पी." भाकरीवर वांग्याची भाजी आणि सांभार (कोथिंबीर) घालून तिने पुढे केली, आणि मी कोण, कुठली, ते मलाच विचारले. दिवसभरात प्रथमच मी उत्तर दिले.

परतीच्या गाडीत राग नानाभाऊंपेक्षा स्वतःचाच येत होता. न मागता केलेल्या उपकाराला नकार देणे हा उद्धटपणा, असे आपल्याला लहानपणी कोणी शिकवले? आणि तो धडा अशा माणसांना इतका पाठ कसा असतो? गिरड तर राहूनच गेले.

आमच्या स्टेशनावर मालू आली होती. मी काय निर्णय घेतला, हे तिने विचारले नाही.

"आत्या, बॅग घेऊ का?" ती म्हणाली, आणि उत्तरासाठी थांबली.