सईला त्रिकोण शिकवणाऱ्या ताई

ताई माझ्या थोरल्या जाऊ होत्या आणि मी त्यांच्यावर आयुष्यभर जळले.

काल त्या गेल्या. गोड गोड लिहायला बसले होते, पण जमेना. म्हणून खरं ते लिहितेय.

चिंचवडला एकाच बिल्डिंगमध्ये आम्ही. त्या वर, आम्ही खाली. दोघी गणिताच्या टीचर. मी शाळेत, त्या घरी क्लास घ्यायच्या.

त्यांना मूलबाळ नव्हतं. मला सई. सई त्यांना मोठी आई म्हणायची.

दहावीला पोरगी त्रिकोणमितीत अडकली. काटकोन त्रिकोणात एक बाजू आणि एक कोन दिलाय, बाकीच्या बाजू काढायच्या. एवढंच. पण बाईसाहेबांना उभी रेघ दिसली की तीच समोरची बाजू, मग कोन कुठलाही असो. साइन चुकणार, उत्तर चुकणार.

मी समजावलं. ओरडले. शेवटी ती रडत वर गेली.

ताईंनी पुस्तक उघडलंच नाही. तिला गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीच्या उभ्या शिडीला वर कपड्यांची दोरी बांधली, दुसरं टोक लांब कठड्याच्या पायथ्याशी. सईला आधी त्या खालच्या कोपऱ्यात बसवलं.

"समोर काय दिसतं?"

"शिडी."

मग शिडीवर चढवलं.

"आता?"

"जमीन. अय्या, बदललं की."

त्या दिवशी दोरी मोजून, कोन मोजून पोरीनं टाकीची उंची काढली. खाली येऊन मलाच शिकवायला लागली.

मार्क पडले, सगळ्यांनी पेढे खाल्ले. माझ्या मात्र पोटात दुखत होतं. पोटची पोर माझी, गणित माझं, आणि कौतुक वरच्या मजल्यावर!

पुढे तेच. कॉलेजातली भांडणं वर. चाकणला कंपनीत डिझाइनचा जॉब लागला, ती बातमीही आधी वर. मला जिन्यातून ऐकू आली.

ह्यांना म्हटलं, मी काय भाडेकरू आहे का? हे म्हणाले, अगं, ताईच ना, परक्या आहेत का कुणी?

तेच तर. परक्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

ताई आजारी पडल्या तेव्हा सई चाकणहून थेट हॉस्पिटलला. मी डबा पाठवायचे. दोघींचा.

भाऊजी आधीच गेलेले. त्यामुळे काल स्मशानात दीर म्हणून हे पुढे झाले. सई म्हणाली, बाबा, मी करणार.

गुरुजींनी तिला विचारलं, मयत तुमच्या कोण?

"आई."

मोठी आई नाही. नुसतं आई.

मी शेजारीच उभी होते. गुरुजी आम्हाला ओळखतात, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आतून असं काही भाजलं ना. वाटलं, सांगावं, मी जिवंत आहे इथे.

मग सईचा हात दिसला. त्यातला तांब्या कलत होता. मी तो खालून धरला.

"बरोबर सांगतेय ती, गुरुजी. पुढचं सांगा."

ताई, अजून जळतेच आहे मी तुमच्यावर.

सावकाश जा. धाकट्या जावेचा नमस्कार.