पडक्या मशिदीचा फलक

आमच्या गावाबाहेर, अक्कलकोटच्या रस्त्याला, एक पडकी मशीद आहे. ती बांधणारे शिया लोक कधीच गाव सोडून गेले आणि जाताना मोहरमचा पंजा आमच्या धनगराच्या घरात ठेवून गेले. तेव्हापासून दर मोहरमला तो मशिदीच्या कोनाड्यात बसवायचा मान आमच्या घराचा. चुलता वारल्यावर चुलतीनं तो सांभाळला. मोहरमच्या नैवेद्याचे गोड चोंगे तीच लाटते आणि भांडणंही तीच काढते.

यंदा पावसात कोनाड्याची भिंत अर्धी बसली. गवंडी म्हणाला, भिंत उभी राहील, पण तसलेच घडीव दगड पाहिजेत, विटांचा जोड टिकायचा नाही. मोहरम तोंडावर आलेला. पंजा पेटीतच राहिला तर वर जाऊन नवऱ्याला काय तोंड दाखवू, या घोरानं चुलतीला अन्न गोड लागेना.

गावाला घोर वेगळाच. मशीद पाडली कुणी? ते सांगणारा फलक तिथं लावायचा म्हणून ग्रामसभा भरली. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर, तेव्हा फलकावरचा मजकूर लिहायचं काम आपसूक माझ्या गळ्यात आलं. आधी फलक, मग भिंत, असा ठराव झाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही आमच्या पंचायतीची जुनी रीत आहे.

एक म्हणाला, दिल्लीच्या बादशहानं पाडली. दुसऱ्यानं निजामाच्या माणसांना धरलं, तिसऱ्यानं गोऱ्या साहेबाची तोफ आणली. सरपंचांचं मत आभाळातल्या विजेला पडलं, कारण विजेचे भाऊबंद गावात मतदार नाहीत. मीही मान डोलावत होतो.

तेवढ्यात चुलती उठली. "आमच्या परसात चला की समदी. इतिहास दावते."

सगळी सभा तिच्या मागं निघाली. परसात नळाखाली धुण्याचा दगड होता. तिनं मला पहार दिली आणि दगड उलटा करायला लावला. खालच्या अंगाला कोरलेलं फूल निघालं, अगदी कोनाड्याभोवती आहे तसलं.

"बादशानं पाडली म्हनता," चुलती म्हणाली. "मग ह्यो दगूड बादशानं माज्या सासूला धुनं धुवायला आनून दिला व्हय?"

सरपंचांना बहुधा घरचा उंबरा आठवला असावा, तोफवाल्याला गोठ्याची पायरी. सगळ्यांनाच घरी कामं निघाली. मला मात्र तिचा भारी अभिमान वाटला.

आमचा दगड आम्ही त्याच दुपारी गाडीत घालून मशिदीत टाकला. दोन दिवस तो तिथं एकटाच होता. मग एकेक दगड यायला लागला. आणणारा प्रत्येक जण सांगे, "आमी जपून ठिवला हुता." इतकी पुरातत्त्वाची आवड आमच्या गावात आहे हे मला शिकवताना कधी कळलं नव्हतं.

भिंत उभी राहिली. आमचा दगड शेवटी बसला. गवंडी फुलाची बाजू बाहेर काढत होता, तर चुलतीनं त्याचा हात धरला.

"फूल आत घाल. धुनं धुतल्याली बाजू भाईर ऱ्हाऊ दे."

"का वं, काकू?"

तिनं त्या गुळगुळीत झिजलेल्या दगडावरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं.

"मास्तरला फलक लिवायचा हाय न्हवं? लिवून झाला म्हनावं."