खडकीला राहिलेले मामंजी

लग्नानंतर वर्षभरात आम्ही चाकणजवळचं गाव सोडून चिंचवडला आलो. पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता आणि माझ्या नवऱ्याला तिथं काम मिळालं होतं. बिऱ्हाडात आम्ही तिघंच, तिसरे माझे सासरे. त्यांना मी मामंजी म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

मी सातवी पास होते. पुण्यात मास्तरणींच्या शाळेत प्रवेश मिळाला तर दोन वर्षांत शिक्षिका होता येईल, हे मला कळलं होतं. भावकीला ते पसंत नव्हतं. "सून रोज गाडीनं जानार? एकटी?" असं गावाकडून येणारा प्रत्येक जण विचारायचा. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मामंजी एवढंच म्हणाले, "पहिल्या डावाला मी येतो संगं."

नवरा पहाटेच पहिल्या पाळीला गेला होता. मी भाकरी-चटणी बांधून घेतली. मामंजींनी धुतलेलं धोतर नेसलं आणि डोक्याला लाल पटका बांधला. आगगाडीत मी कधी बसले नव्हते आणि तेही बसले नव्हते. दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नाही.

गाडी आली तसा एकच गलका झाला. मला एका बाईनं हात देऊन बायकांच्या डब्यात ओढून घेतलं. मामंजी पुढच्या डब्यात चढताना मी पाहिलं. "शिवाजीनगरला उतरायचं!" मी ओरडले. त्यांनी काठी वर केली. मला वाटलं, ऐकू गेलं.

गाडी सुटली तशी मी बाकाची कड घट्ट धरली. शेतं, बाभळी, सगळंच मागं पळत होतं. पण दापोडीचा पूल धडधडत ओलांडला, खाली नदी दिसली आणि मी खिडकीतून चक्क डोकं बाहेर काढलं. एवढा वारा तोंडावर कधी घेतला नव्हता.

खडकीला कामगारांचा लोंढाच्या लोंढा उतरला. गाडी पुन्हा हलली, आणि फलाटावरच्या गर्दीत मला लाल पटका दिसला. सगळे उतरले म्हणून मामंजीही उतरले होते. मी "मामंजी!" म्हणून किंचाळले. त्यांनी वळून पाहिलं, पण गाडीनं वेग घेतला होता.

डब्यातल्या बाया एकदम बोलू लागल्या. एक म्हणाली, "बाप्या माणूस आहे, येईल मागच्या गाडीनं. तू तुझं काम कर." शिवाजीनगरला मी उतरले. इथून शाळा जवळ, आणि मुलाखतीची वेळ होत आलेली. पण मामंजींना तिथं सोडून पाय शाळेकडं वळेना. मग स्टेशनाबाहेर आले.

तोवर परक्या पुरुषाशी मी आपणहून बोललेच नव्हते. रस्त्यावर बसगाड्या उभ्या होत्या. कुणाला विचारायचं म्हटलं तर जीभ उचलेना. मग एका बसच्या कपाळावरची पाटी वाचली. खडकी. तीन अक्षरं, पण मला हत्तीचं बळ आलं. चढले. कंडक्टरनं "कुठं?" म्हटल्यावर मी इतक्या मोठ्यानं "खडकी!" म्हणाले की दोन-चार माणसं वळून बघायला लागली.

मामंजी फलाटावर होते तिथंच उभे होते, दोन्ही हात काठीवर ठेवून. शेजारी एक हमाल होता. मला बघून तो म्हणाला, "काय ओ, या आजोबांना मागच्या गाडीत बसवत होतो, तर पाय उचलतील तर शपथ. म्हणतात, सून येनार हाय."

"आली का न्हाई?" मामंजी त्याला म्हणाले.

मी त्यांचा हात धरला आणि त्याच रस्त्यानं बसमधून परत आणलं. बसमध्ये त्यांनी माझ्या शेजारी बसायला नकार दिला. दांडा धरून उभे राहिले आणि बाहेर बघत राहिले. बोटांनी दांडा आवळून धरला होता, त्यावरून ते घाबरल्याचं कळत होतं. मी तिकडं पाहिलं नाही.

शाळेत पोचलो तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. मोठ्या बाई कपाटाला कुलूप लावत होत्या. मी काही बोलायच्या आत मामंजी पुढं झाले. पटका सारखा करून म्हणाले, "बाई, हिचा गुन्हा न्हाई. मी चुकलो खडकीला. ही हितवर आलेली पोर मला न्यायला माघारी फिरली."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "परत कशी गेलीस?"

"बसनं. पाटी वाचली."

"याआधी बसमध्ये बसली होतीस?"

"नाही. आगगाडीतही आजच."

त्यांनी कुलूप काढलं आणि मला समोर बसायला सांगितलं.

प्रवेश मिळाला. पुढं दोन वर्षं मी रोज त्याच गाडीनं गेले आणि मग चाकणजवळच्याच एका गावात शाळेवर लागले.

पण त्या दिवसाचं सगळ्यात मोठं बक्षीस मला चाकणच्या कांद्याच्या बाजारात मिळालं. घरी कुणालाही न सांगता जिरवता आली असती अशी ती गोष्ट मामंजींनी भर बाजारात, भावकीच्या पुढ्यात सांगितली. मी मागंच उभी होते. एक जण हसून म्हणाला, "म्हंजे सुनंनं हात धरून आनलं तुमाला? लाज न्हाई वाटली?"

"लाज कशाची?" मामंजी म्हणाले. "माझं मानूस मला न्यायला आलं."


मी पदर सावरला आणि ताठ उभी राहिले.