न तपासलेलं रक्त

लातूर जिल्हा होऊन वर्ष भरलं नव्हतं, पावसानं पाठ फिरवली होती, आणि आमच्या निवृत्तीचा रुबाब मात्र वाढला होता. डॉक्टर माधवरावांच्या दवाखान्यात तो रक्त तपासायचा; तिथं दाढ काढायची असली तरी आधी रक्त द्यावं लागायचं. पांढरा कोट, खिशाला पेन. मूळचा मुखेडकडचा, बौद्ध वस्तीतला. पण दवाखान्यात कुणाला पत्ता लागू देईल तर शपथ! आडनाव विचारलं की विषय बदलायचा, शहाणा.

एका सकाळी नागुबाई दारात उभी. त्याची मावशी, आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवलं. दाढ सुजली म्हणून एसटीनं आलेली. लुगड्याला ठिगळं, पाय अनवाणी. "जय भी..." एवढं तोंडातून निघालं आणि निवृत्तीनं मान फिरवली. म्हातारीनं जोडलेले हात खाली सोडले. मग म्हणाली, "साहेब, रगत कुठं द्यायचं?"

बोट टोचायचं, रक्त नळीत घेऊन रंग जुळवायचा, दहा मिनिटांचं काम. पण तेवढ्यात ही काहीबाही बोलून बसली म्हणजे? भल्या माणसानं न टोचताच कागदावर लिहिलं, हिमोग्लोबिन अकरा, आणि तिला आत पाठवलं.

डॉक्टरांनी दाढ काढली. दोन तास झाले, बोळ्यावर बोळा भिजतोय, रक्त थांबेना. शेवटी त्यांनी तिची पापणी ओढून पाहिली. आत पांढरीफटक!

"हे अकरा?" निवृत्तीला आत बोलावून ते ओरडले. "अरे, रक्त थांबवतात प्लेटलेट, पण त्यांना नसेच्या कडेला ढकलतात लाल पेशी. त्याच नसल्या तर जखमेपाशी पोचणार कोण? आधी रक्त चढवलं असतं मी! तपासलंस का हिला?"

निवृत्तीची नोकरी गेलीच आता.

"तपासलं की," बोळा सावरत नागुबाईच बोलली. "साहेबांनी टोचलं व्हतं."

डॉक्टरांनी तिची बोटं उलटीपालटी करून पाहिली. "खूण कुठंय?"

"दिसायची न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून घट्टे पडल्यात. लेकराला शिकवायचं व्हतं."

निवृत्तीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तो पुढं झाला.

"टोचलंच नाही, डॉक्टर. खोटं लिहिलं. ही माझी मावशी हाय. चारचौघांत ओळख द्यायची लाज वाटली मला." त्यानं बाही वर सारली. "जुळत असंल तर माझं रक्त घ्या."

नागुबाई घाबरून उठायला लागली.

"न्हाई वो डॉक्टर," ती म्हणाली, "त्यास्नी कामावरून काढू नगा. मी न्हाई वळखत ह्या साहेबाला."